९ नंतर ० आणताना: फिरत्या अंकांच्या एका वॉच फेसचं प्रकरण

## पार्श्वभूमी

वेअर ओएस या गूगलच्या प्रणालीवर चालणाऱ्या स्मार्ट घड्याळांसाठी एक डिजिटल वॉच फेस, म्हणजे पडद्यावर वेळ दाखवणारी मांडणी, करायचा होता. काम दोघांचं होतं, एक डिझायनर आणि एक डेव्हलपर. प्रकाशनाआधीच्या तपासणीसाठी मी त्यांच्याबरोबर होतो. त्यांची किंवा त्या वॉच फेसची ओळख पटेल असे तपशील इथे दिलेले नाहीत. गणितं आणि निर्णय मात्र घडले तसेच मांडले आहेत.

कल्पना देखणी होती. वर तासाचे दोन अंक, खाली मिनिटांचे दोन, आणि प्रत्येक अंकाला स्वतंत्र खिडकी. मिनिट बदललं की जुना अंक वर सरकत निघून जाणार आणि खालून नवा येऊन बसणार, गाडीच्या किलोमीटर मीटरमध्ये आकडे फिरतात तसा.

काम वॉच फेस फॉरमॅटमध्ये करायचं होतं. २०२३ साली वेअर ओएस ४ बरोबर आलेली ही पद्धत एक्सएमएल या खुणांच्या भाषेत लिहायची असते आणि तिच्यात स्वतःचा प्रोग्रॅम चालवता येत नाही. तास, मिनिट, सेकंद ही मूल्यं घ्यायची, त्यांवर गणित करायचं आणि त्या उत्तरावरून एखाद्या घटकाची जागा, कोन किंवा पारदर्शकता ठरवायची, एवढीच मुभा. मघाशी कोणता अंक होता हे कुठेही साठवून ठेवता येत नाही. पुढच्या सगळ्या निर्णयांवर या एका गोष्टीचा प्रभाव आहे.

## अडचण

पहिली आवृत्ती पट्टीची होती. ० ते ९ हे अंक एकाखाली एक असलेली उभी पट्टी, तिच्यावर एका अंकाएवढी खिडकी ठेवून बाकीचं झाकणारा मास्क, आणि पट्टीची उभी जागा म्हणजे अंक गुणिले ओळीची उंची. जागा बदलली की पट्टी अर्ध्या सेकंदात नव्या ठिकाणी सरकावी असं ॲनिमेशन तिला जोडलेलं होतं. ३ वरून ४, ४ वरून ५ सुरेख जात होतं. पण ९ नंतर ० आला की पट्टी उलटी धावायची. ८, ७, ६ असे सगळे अंक अर्ध्या सेकंदात भर्रकन खाली जायचे आणि मग शून्य यायचं. ॲनिमेशनच्या दृष्टीने ते बरोबरच होतं. त्याला नवव्या ओळीवरून शून्याव्या ओळीवर जायला सांगितलं होतं, आणि तो रस्ता मागेच जातो.

यावरचा नेहमीचा उपाय सगळ्यांना माहीत असतो: पट्टीच्या शेवटी आणखी एक शून्य लावायचं. ९ वरून त्या खालच्या शून्यावर जायचं आणि तिथून गुपचूप वरच्या शून्यावर उडी मारायची. एककासाठी हे चाललं. मिनिटांच्या दशकाला ० ते ५ आणि पुन्हा ० अशी वेगळी पट्टी केली, तीही चालली.

तासाने मात्र पेच टाकला. २४ तासांच्या घड्याळात तासाचं एकक ९ नंतर शून्यावर जातं, १९ चे २० होतात तेव्हा. आणि ते ३ नंतरही शून्यावर जातं, २३ चे ०० होतात तेव्हा. ३ च्या खाली पट्टीवर ४ असतो. म्हणजे दर मध्यरात्री एक तर पट्टी मागे पळणार किंवा ४ ते ९ ओलांडून पुढे धावणार. १२ तासांच्या घड्याळात तर १२ नंतर १ येतो, म्हणजे एकक २ वरून १ वर. तिथे अंक खरोखरच कमी होतो.

दुसरी अडचण वेगळ्याच बाजूने आली. डिझायनरने केलेल्या नमुना व्हिडिओत पडदा जागा झाला की चारही खिडक्या गरगर फिरून आत्ताच्या वेळेवर थांबत होत्या. व्हिडिओत ते अप्रतिम दिसायचं. मनगटावर घालून पाहिलं, तर वेळ कळायला पाऊण-एक सेकंद थांबावं लागत होतं.

## विचारात घेतलेले पर्याय

तयार चित्रमालिका. प्रत्येक बदलाची चित्रं आधीच काढून ठेवायची आणि मिनिट बदललं की ती मालिका चालवायची. खिडकी ११० बाय १५० पिक्सेलची. एका चित्राला दर पिक्सेलला ४ बाइट धरले तर ६६,००० बाइट. अर्धा सेकंद, सेकंदाला ३० फ्रेम, म्हणजे एका बदलाला १५ चित्रं. नेहमीचे १० बदल आणि वर ५→०, ३→०, २→०, २→१, १→० हे आडवळणाचे ५, मिळून २२५ चित्रं आणि सुमारे १४.९ एमबी. वॉच फेसला वापरात असताना १०० एमबी मेमरीची मुभा असते, तेव्हा या पर्यायाला मेमरीने अडवलं नसतं. तो नाकारला दुसऱ्या कारणाने. अंकाचा वेग किंचित बदलायचा म्हटलं तरी २२५ चित्रं नव्याने काढायची, आणि कोणत्या क्षणी कोणती मालिका चालवायची यासाठी अटींचं जंगल उभं करायचं. जे काम पंधरा वेळा हात फिरवूनच जमतं, त्याला अशी बेडी घालणं मला पटलं नाही.

तासासाठी एकच लांब पट्टी. ०० ते २३ आणि शेवटी पुन्हा ००, अशा दोन-दोन अंकांच्या २५ ओळी. मेमरी ३.३ एमबी, उलटं धावणं बंद, मध्यरात्रीचा प्रश्न सुटलेला. पण १० चे ११ होताना डावा १ सुद्धा वर जायचा आणि त्याच्या जागी खालून दुसरा १ यायचा. काही लोकांना हे खटकणार नाही. डिझायनरला खटकलं, आणि माझं मत त्याच्या बाजूने होतं: जो अंक बदलत नाही तो हलता कामा नये. हलला की डोळा तिकडे जातो आणि नवं काही शोधतो.

दोनच ओळींची खिडकी. हा पर्याय डेव्हलपरने सुचवला. खिडकीत फक्त दोन अंक ठेवायचे, आत्ताचा आणि पुढचा. पुढचा अंक पट्टीवर शोधायचा नाही, गणिताने काढायचा. पुढचं मिनिट म्हणजे मिनिटात १ मिळवून ६० ने भागल्यावरची बाकी. पुढचा तास म्हणजे तासात १ मिळवून २४ ने भागल्यावरची बाकी, पण मिनिट ५९ असेल तरच. नाही तर आहे तोच. मग या पुढच्या वेळेचे एकक आणि दशक सुटे करायचे. ज्या खिडकीत आत्ताचा आणि पुढचा अंक सारखाच येतो, ती खिडकी स्थिर. जिथे वेगळा येतो, तिथे फिरकी.

हातचा आपोआप सुटतो, हे या पर्यायाचं खरं सौंदर्य. ९ नंतर ०, ५ नंतर ०, ३ नंतर ०, २ नंतर १, यांतला एकही अपवाद म्हणून लिहावा लागत नाही. यांत्रिक गणनयंत्रांत हातच्यासाठी खास दाते आणि खटके बसवावे लागले. फ्रेंच गणितज्ञ पास्कलने १६४२ मध्ये आपल्या यंत्रावर काम सुरू केलं तेव्हा हातचा पुढच्या चाकाकडे नेणं हाच त्यातला अवघड भाग होता. इथे चाकच नाही. दोन अंक आहेत आणि त्यांच्यामधलं अंतर.

## काय केलं

दोन ओळींची खिडकी घेतली. ‘प’ म्हणजे फिरकीची प्रगती, ० ते १. सेकंदाच्या अपूर्णांकी मूल्यातून ५९.६ वजा करायचे, ०.४ ने भागायचं आणि उत्तर ० ते १ च्या आत दाबून बसवायचं. त्यामुळे मिनिटाचे पहिले ५९.६ सेकंद प शून्य राहतो आणि शेवटच्या ०.४ सेकंदात १ पर्यंत चढतो. सरळ चढला तर अंक यंत्रासारखा निर्जीव सरकतो, म्हणून त्याला वळण दिलं: प × प × (३ − २ × प). सुरुवात मंद, मधे वेग, शेवटी पुन्हा मंद. जुना अंक या मूल्याच्या १५० पट वर जातो. नवा अंक बरोबर १५० पिक्सेल खालून त्याच्या मागोमाग येतो.

१५० हा आकडा सहज निवडलेला नव्हता, आणि इथे थोडं थांबावंसं वाटतं. आराखडा ४५० पिक्सेलच्या चौकटीवर केला होता, पण तो ३९६ आणि ३८४ पिक्सेलच्या गोल पडद्यांवरही चालणार होता. पहिल्या आवृत्तीत ओळीची उंची १३० होती. ३९६ च्या पडद्यावर ती ११४.४ होते. पट्टीवर खाली जावं तसा हा ०.४ साठत जातो आणि काही अंक दोन पिक्सेलच्या मधोमध येऊन थांबतात. कडा मऊ पडतात. ७ चा आडवा दांडा ठसठशीत आणि ८ ची कंबर धूसर, असं दिसायचं. फाँट बदलून झाला, अक्षरांची जाडी बदलून झाली, फरक पडेना. ४५०, ३९६ आणि ३८४ यांचं गुणोत्तर ७५ : ६६ : ६४ आहे. म्हणजे तिन्ही पडद्यांवर पूर्णांक हवा असेल तर उंची ७५ च्या पटीत पाहिजे. १५० घेतले की अनुक्रमे १५०, १३२ आणि १२८ मिळतात. त्यानंतर स्थिर अंक तिन्ही पडद्यांवर कोरल्यासारखे दिसू लागले.

फाँटमध्ये सर्व अंक सारख्या रुंदीचे घेतले. तसं नसेल तर अरुंद १ च्या जागी ० येताना दोघांचे मध्य जुळत नाहीत आणि फिरकी तिरपी वाटते.

ॲम्बियंट मोडसाठी, म्हणजे घड्याळ वापरात नसताना पडदा मंद होऊन फक्त वेळ दाखवतो त्या अवस्थेसाठी, वेगळा गट ठेवला. त्या मोडमध्ये पडदा मिनिटातून एकदाच ताजा होतो, त्यामुळे फिरकीचा प्रश्न येत नाही, पण एक धोका राहतो: पडदा ५९.८ व्या सेकंदाला मंदावला तर अर्धवट फिरलेला अंक तसाच गोठू शकतो. म्हणून फिरणारा गट तिथे पूर्ण पारदर्शक आणि त्याच जागी स्थिर, पोकळ रेषांचे अंक. पोकळ घेण्यामागे हिशेब आहे. ॲम्बियंटमध्ये १५ टक्क्यांहून जास्त पिक्सेल पेटलेले चालत नाहीत. ४५० बाय ४५० मधले १५ टक्के म्हणजे ३०,३७५. चार खिडक्या मिळून ६६,००० पिक्सेल, आणि जाड अंकाने खिडकीचा निम्मा भाग व्यापला तर ३३,०००. मर्यादा तिथेच ओलांडली जाते.

## निर्णयाच्या जागा

चारही खिडक्या एकदम की एकामागून एक? ०९:५९ चे १०:०० होताना चारही अंक बदलतात. डिझायनरला लाट हवी होती: आधी मिनिटाचं एकक, मग दशक, मग तास, दर वेळी ०.१ सेकंदाचं अंतर. दिसायला ती फारच छान होती. पण फिरकी संथ करून एकेक फ्रेम पाहिली तेव्हा लक्षात आलं की लाट खोटी वेळ दाखवते. एकक शून्यावर बसलं आणि दशक अजून हललं नाही त्या क्षणी घड्याळ ०९:५० सांगतं. त्यानंतर ०९:००. मनगटाकडे नेमकी त्या क्षणी नजर गेली तर माणूस तासाभराने चुकतो. म्हणून चारही अंक एकत्र निघतात आणि एकत्र पोचतात. २००९ साली आलेल्या लांगं उंड झोने कंपनीच्या ‘त्साइटवेर्क’ या यांत्रिक मनगटी घड्याळात तास पुरा होताना तिन्ही अंकचकत्या एकाच वेळी उडी घेतात. एवढ्या जड चकत्या एकदम हलवायला जास्त जोर लागतो, तरी तिथे तेच केलं आहे.

जागं होताना फिरकी द्यायची का? यावर सर्वांत जास्त चर्चा झाली. तांत्रिकदृष्ट्या पडदा दिसताक्षणी सुरू होणारी चित्रमालिका ठेवता येते, पण गणितावर चालणाऱ्या अंकांना पडदा कधी जागा झाला हे कळत नाही. म्हणजे अंकांच्या वर खोट्या फिरत्या अंकांचा थर टाकावा लागला असता. माझा विरोध त्याहून मूळचा होता. माणूस मनगट वळवतो ते वेळ बघायला, आणि वॉच फेसने त्याला उत्तर द्यायच्या आधी करामत दाखवायची हे मला मान्य नाही. दिवसातून कितीतरी वेळा तो हात वळवणार. पहिल्या दिवशी आवडलेली फिरकी आठवड्याने त्याच्या आड येते. डिझायनरने नमुना दिवसभर मनगटावर वापरला आणि स्वतःहून ती कल्पना सोडली.

मग फिरकी दिसणार कधी? हा प्रश्न त्यातूनच निघाला, आणि तो डिझायनरचा होता. नजर ४ सेकंद पडद्यावर असते असं धरा. ०.४ सेकंदाची फिरकी पूर्ण दिसायची तर ती त्या ४ सेकंदांत सुरू होऊन संपली पाहिजे. मिनिटाच्या ६० सेकंदांत अशा सुरुवातीला ३.६ सेकंदांची जागा मिळते. साधारण १७ नजरांतून एकदा. ज्या गोष्टीवर इतकी मेहनत घेतली ती बहुतेक वेळा कुणाला दिसणारच नाही. मला यात वाईट काही वाटलं नाही, उलट क्वचित दिसणारा देखणेपणा जास्त टिकतो असं माझं मत आहे. पण वॉच फेस घेणाऱ्याला त्यातलं वैशिष्ट्य पहिल्याच नजरेत कळावं, ही डिझायनरची अपेक्षाही रास्त होती. शेवटी मिनिटांच्या बाजूला लहान फिरते सेकंद आले. त्यांची फिरकी प्रत्येक सेकंदाच्या शेवटच्या पाव भागात होते. त्यांची ओळ ५० पिक्सेलची, म्हणजे ३८४ च्या पडद्यावर ४२.६७; पूर्णांकाचा नियम तिथे सोडला, कारण तो अंक क्षणभरच स्थिर असतो.

सेकंद फिरत ठेवायचे म्हणजे पडदा जागा असेपर्यंत सतत नवं चित्र काढायचं, आणि त्याची किंमत बॅटरी देते. शिवाय हलत्या गोष्टींनी ज्यांना गरगरतं अशी माणसंही असतात. म्हणून सेटिंगमध्ये तीन पर्याय दिले: फक्त मिनिटं, मिनिटं आणि सेकंद, किंवा काहीच नको. शेवटचा पर्याय यादीत तळाशी न दडवता ठळक ठेवला याचं मला समाधान आहे.

एक अंकी तास. १२ तासांच्या घड्याळात १२:५९ नंतर १:०० होताना दशकाच्या खिडकीतला १ वर जातो आणि त्याच्या मागे काहीच येत नाही. रिकामी जागा खालून येताना विचित्र दिसेल अशी भीती होती, प्रत्यक्षात ते ठीक दिसतं. खटकलं ते दुसरंच: तास मध्यभागी धरलेला असल्यामुळे दशक गेल्यावर एकक अर्धी खिडकी डावीकडे सरकायचं, म्हणजे अंक वरही जातोय आणि बाजूलाही. दशकाची जागा रिकामी ठेवायची आणि एकक जिथल्या तिथे, असं ठरलं. मांडणी थोडी उजवीकडे कललेली दिसते. ते स्वीकारलं.

## परिणाम

वॉच फेस प्रकाशित झाला. उलटं धावणं, मध्यरात्रीचा गोंधळ, धूसर कडा यांतलं काहीही परत आलं नाही. घड्याळाची वेळ हाताने पुढे-मागे केली किंवा प्रवासात टाइम झोन बदलला तरी अंक लगेच योग्य वेळेवर येतात, मधले सगळे आकडे फिरवत बसत नाहीत. कारण वॉच फेस काही लक्षात ठेवत नाही, दर फ्रेमला वेळेवरूनच सगळं काढतो. सुरुवातीला जाचक वाटलेली मर्यादा इथे कामी आली.

ज्या घड्याळांवर सेकंदाला १५ च फ्रेम मिळतात तिथे फिरकी अजून थोडी तुटक दिसते. ०.४ सेकंदात ६ फ्रेम आणि १५० पिक्सेलचा प्रवास, म्हणजे सरासरी २५ आणि मधल्या वेगवान भागात ३७ पिक्सेलची उडी. अशा पडद्यासाठी प्रवास निम्मा, ७५ पिक्सेल, ठेवून जुना अंक विरत जावा आणि नवा उमटत यावा असा नमुना डेव्हलपरने करून पाहिला आहे. मला तो मूळ फिरकीपेक्षाही शांत वाटला. डिझायनरच्या मते त्यात फिरण्याचा भास उरत नाही, आणि यावर अजून एकमत नाही.

## वेगळं काय करता आलं असतं

फिरकी मिनिट बदलण्याआधी संपवायची की बदलल्यावर सुरू करायची, हा निर्णय पुन्हा उघडायला हवा. आधी संपवली की अंक ठीक शून्याव्या सेकंदाला जागेवर बसतो, आणि तेव्हा तेच योग्य वाटलं. पण आधी फिरायचं म्हणजे पुढची वेळ काय असेल याचा अंदाज बांधायचा. उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे करण्याची, म्हणजे उन्हाळी वेळेची, पद्धत असलेल्या अनेक देशांत वर्षातून एकदा ०१:५९ नंतर ०३:०० वाजतात. आमचा वॉच फेस त्या रात्री तासाला २ कडे फिरवतो आणि मग खाडकन ३ दाखवतो. उन्हाळी वेळ संपतानाही असाच धक्का बसतो.

फिरकी नंतर सुरू केली तर अंदाज मागच्या मिनिटाचा असतो: मिनिटात ५९ मिळवून ६० ने भागल्यावरची बाकी. तो चुकला तरी निघून जाणारा अंक चुकतो, येणारा नेहमी खरा असतो. अडचण एवढीच की मिनिट बदलून ०.२ सेकंद झाल्यावर कुणी मनगट वळवलं तर पडदा अर्ध्या फिरकीतच उघडतो. मला हा दोष लहान वाटतो, कारण त्यानंतर ०.२ सेकंदात खरी वेळ जागेवर असते. फक्त तासच नंतर फिरवावा आणि मिनिटं आधी, अशीही सूचना आली होती. ती घेता येणार नाही: मिनिटं ०० वर बसलेली आणि तास अजून ०९ वर, ही लाटेतली तीच खोटी वेळ आहे. बदल करायचा तर चारही खिडक्यांसाठी एकदम. डेव्हलपरने सूत्रं तशी लिहून ठेवली आहेत आणि पुढच्या आवृत्तीआधी घड्याळाची तारीख उन्हाळी वेळ बदलण्याच्या रात्रीवर नेऊन दोन्ही पद्धती शेजारी-शेजारी तपासायच्या असं ठरलं आहे.